मूठभरांतला माणूस, सर्वांचा महापौर



निवडणुकीचे दिवस आले की आपल्या घरांत, मंदिराच्या अंगणात, लग्नाच्या मांडवात एक प्रश्न हमखास कानी पडतो : "या वेळी आपला कोणी उभा आहे का?" प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्या बेटावर अनेक समाज नांदतात आणि त्यांत आपली मराठी घरे थोडी. केवळ मराठी मतांवर कोणी निवडून येईल असा एकही मतदारसंघ मॉरिशसमध्ये नाही. म्हणून आपला एखादा माणूस पुढे आला की ऊर भरून येतो, आणि यादीत आपले नाव दिसले नाही की मन खट्टू होते.

परंतु आमच्या मते या प्रश्नाच्या पुढे आणखी दोन प्रश्न आहेत आणि ते आपण फारसे विचारीत नाही. पहिला असा की, आपला माणूस निवडून यायचा तर दुसऱ्यांनी त्याला मत का द्यावे? आणि दुसरा असा की, सर्वांच्या मतांनी तो खुर्चीवर बसला तर मग तो कोणाचा राहील? या दोन प्रश्नांचा विचार करताना आम्हांला अमेरिकेतील एका महापौराचे चरित्र वारंवार आठवते. लॉस एंजेलिस या महानगराचे वीस वर्षे महापौर राहिलेले टॉम ब्रॅडली हे ते गृहस्थ होत. त्यांचे यश मोठे होते आणि त्यांचे अपयशही लहान नव्हते. दोन्ही नीट पाहावीत म्हणून हा लेख.

कापसाच्या शेतातून

टॉम ब्रॅडली यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७ रोजी टेक्सास राज्यातील कॅल्व्हर्ट या गावी झाला. त्यांच्या आजोबांची पिढी गुलामगिरीत जन्मलेली. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत. जमीन मालकाची, बियाणे आणि अवजारे उधारीची, आणि पीक हाती आले की मालकाचा वाटा व दुकानाची उधारी वजा जाता कुटुंबाच्या पदरात पडे ते नाममात्र. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, परंतु कर्जाची बेडी तशीच राहिली. गिरमिट आणि गुलामगिरी या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. तरीसुद्धा ज्यांचे आजे-पणजे साखरेच्या कोठीवर राबले, त्या आपल्या घरांना असा हिशेब फारसा समजावून सांगावा लागत नाही.

१९२४ साली हे कुटुंब कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला आले. वडील रेल्वेत हमालीच्या नोकरीला लागले, आई लोकांच्या घरी कामे करू लागली. मुलगा उंच, शांत आणि धावण्यात तरबेज निघाला. ज्या हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुले थोडी होती तेथे तो मुलांच्या संघाचा अध्यक्ष निवडला गेला. खेळातील शिष्यवृत्तीवर तो कॅलिफोर्नियाच्या नामवंत विद्यापीठात शिरला. पुढे १९४० साली पोलीस खात्याची परीक्षा उत्तीर्ण होताच शिक्षण अर्धे सोडून त्याने नोकरी धरली. दुसऱ्याच वर्षी एथेल आर्नल्ड यांच्याशी विवाह झाला.

पोलीस खात्यात ब्रॅडली यांनी एकवीस वर्षे काढली. त्या काळी लॉस एंजेलिसमध्ये गोरा शिपाई आणि काळा शिपाई एका गस्तीच्या गाडीत बसत नसत. ब्रॅडली लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्या हुद्द्यावरून त्यांनी काळ्या-गोऱ्या शिपायांना एका गाडीत बसविण्याचा प्रयत्न केला, पण गोऱ्या शिपायांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. कृष्णवर्णीयाला याच्यापुढची पायरी चढू दिली जाणार नाही, हे त्यांना कळून चुकले. परंतु ते कुढत बसले नाहीत. नोकरी सांभाळून रात्रीच्या वर्गात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, वकिलीची परीक्षा दिली आणि १९६१ साली पोलिसाचा गणवेश उतरवून वकिली सुरू केली. दिवसभर उसात काम करून रात्री बैठकेत दिव्याखाली अक्षरे गिरविणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांची येथे आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५० साली त्यांनी लायमर्ट पार्क या वस्तीत घर घेतले तेव्हा तेथे कृष्णवर्णीयांना कोणी घर विकीत नसे. ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावे आधी खरेदी करावी लागली आणि मग घर ब्रॅडली यांच्या नावावर आले. शहराच्या कायद्याचे रक्षण करणाऱ्या माणसाला त्याच शहरात स्वतःच्या नावाने घर घेता येत नव्हते. पुढे तेवीस वर्षांनी हाच माणूस त्या शहराचा प्रथम नागरिक झाला.

पहिली शाळा : दहावा प्रभाग

१९६१ साली लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेत दहाव्या प्रभागाची जागा रिकामी झाली. प्रभागातील पुष्कळ लोकांनी ब्रॅडली यांची नेमणूक व्हावी म्हणून अर्ज केले. नगरपरिषदेने मात्र एका गोऱ्या गृहस्थाला नेमले. ब्रॅडली यांनी दोन वर्षे वाट पाहिली आणि १९६३ च्या निवडणुकीत त्याच गृहस्थाचा मतपेटीतून पराभव केला.

हा प्रभाग मोठा विलक्षण होता. तेथे कृष्णवर्णीय होते, पण ते बहुसंख्य नव्हते. गोरे होते, ज्यू होते, जपानी वंशाचे अमेरिकन होते. दुसऱ्या महायुद्धात याच जपानी कुटुंबांना सरकारने घरादारावरून उठवून छावण्यांत कोंडले होते. आणि ज्यूंना शिक्षणसंस्थांत, क्लबांत, व्यापारी मंडळांत दारे बंद असल्याचा अनुभव होता. म्हणजे रंग वेगवेगळे असले तरी अपमानाची ओळख सर्वांना होती. ब्रॅडली यांनी ती ओळख हेरली. मी कृष्णवर्णीय आहे म्हणून मत द्या, असे ते म्हणाले नाहीत, आणि आपण कृष्णवर्णीय आहोत हे त्यांनी कधी लपविलेही नाही. त्यांनी रस्ते, शाळा, पोलीस, घरे यांविषयी बोलणे केले आणि प्रत्येक समाजाच्या बैठकीला, समारंभाला, दुखवट्याला ते स्वतः गेले.

येथे इतर शहरांशी थोडी तुलना करणे उचित ठरेल. १९६७ साली क्लीव्हलंड येथे कार्ल स्टोक्स आणि गॅरी येथे रिचर्ड हॅचर हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. १९७३ साली डेट्रॉइट येथे कोलमन यंग आणि अटलांटा येथे मेनार्ड जॅक्सन आले. हे सर्वच मोठे पुरुष. परंतु त्या शहरांत कृष्णवर्णीयांची वस्ती बरीच मोठी होती, काही ठिकाणी निम्म्याच्या आसपास. लॉस एंजेलिसमध्ये १९७० साली ते शंभरात सुमारे अठराच होते. म्हणजे आपल्या सगळ्या माणसांनी एकगठ्ठा मते दिली तरी ब्रॅडली यांचे डिपॉझिट वाचले असते, खुर्ची मिळाली नसती. म्हणूनच आमच्यासारख्या मूठभर लोकांना त्यांचे उदाहरण जास्त जवळचे वाटते.

एक हार आणि एक विजय

१९६९ साली ब्रॅडली प्रथम महापौरपदासाठी उभे राहिले. समोर होते त्या वेळचे महापौर सॅम यॉर्टी. पहिल्या फेरीत ब्रॅडली यांना ४२ टक्के मते पडली आणि यॉर्टी यांना २६. सर्वांना वाटले की निकाल लागलाच. परंतु कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसल्यामुळे दुसरी फेरी झाली आणि त्या मधल्या दिवसांत शहरात भीती पेरण्यात आली. ब्रॅडली निवडून आले तर पोलीस नोकऱ्या सोडून जातील, शहर जहालांच्या हाती पडेल, असे गोऱ्या वस्त्यांतून सांगण्यात आले. एकवीस वर्षे पोलीस खात्यात घालविलेल्या माणसाविषयी हा प्रचार! अवघ्या चार वर्षांपूर्वी, १९६५ च्या ऑगस्टमध्ये, वॉट्स वस्तीत दंगल होऊन ३४ माणसे मृत्युमुखी पडली होती, त्यामुळे भीतीला खतपाणी लगेच मिळाले. ब्रॅडली हरले.

चार वर्षे त्यांनी काय केले? ते चिडले नाहीत, आणि घरीही बसले नाहीत. ज्या वस्त्यांत मते पडली नव्हती, त्याच वस्त्यांत ते पुनःपुन्हा गेले. १९७३ साली पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. पुन्हा तीच भीती बाहेर काढण्यात आली, पण या वेळी लोक ब्रॅडली यांना ओळखू लागले होते. ओळखीच्या माणसाची भीती घालता येत नाही. ब्रॅडली यांना ५६ टक्के मते मिळाली. १ जुलै १९७३ रोजी त्यांनी शपथ घेतली. ती देण्यास निवृत्त सरन्यायाधीश अर्ल वॉरन आले होते. शाळांमधील काळ्या-गोऱ्यांची ताटातूट बेकायदा ठरविणारा १९५४ चा निकाल ज्यांच्या न्यायासनाने दिला, तेच हे वॉरन.

आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. दुसऱ्यांनी मत का द्यावे? कारण आपण त्यांच्या अंगणात मत मागण्याच्या आधी गेलेलो असतो म्हणून. मतपत्रिका छापून झाल्यावर जोडलेली मैत्री ही मैत्री नव्हे, हे मतदाराला बरोबर कळते.

वीस वर्षांची कमाई

ब्रॅडली पाच वेळा निवडून आले आणि १९९३ पर्यंत महापौर राहिले. लॉस एंजेलिसच्या इतिहासात इतका काळ त्या पदावर दुसरे कोणी राहिलेले नाही. वॉशिंग्टनकडून त्यांनी शहरासाठी मोठा निधी आणला. बंदर आणि विमानतळ वाढविला. शहराच्या निरनिराळ्या मंडळांवर पूर्वी ज्यांना कोणी विचारीत नसे अशा कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई नागरिकांच्या आणि स्त्रियांच्या नेमणुका केल्या. मोटारींच्या या शहरात आगगाडी आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. १९९० साली पहिली नवी लोहमार्गाची वाहतूक सुरू झाली, आणि १९९३ च्या आरंभी, त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, भुयारी गाडी धावली.

परंतु त्यांचे नाव जगभर झाले ते १९८४ च्या ऑलिंपिकमुळे. १९७६ च्या खेळांनी मॉन्ट्रियल शहराला कर्जात बुडविले होते, त्यामुळे ही जबाबदारी घ्यायला कोणी धजेना. ब्रॅडली यांनी खेळ घेतले, पण एका अटीवर : तुटीचा भार शहराच्या करदात्यांवर पडणार नाही. आंतरराष्ट्रीय समितीला ही अट प्रथम मान्य नव्हती, अखेर मानावी लागली. खेळ खासगी समितीने चालविले, जुनी क्रीडांगणे वापरली, आणि अखेरीस २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक राहिली. पाहुण्यांना जेवण घालून घर कर्जात घालायचे नाही, हा आपल्या आजीचा हिशेब. एवढ्या मोठ्या शहराने तो पाळला याचे आम्हांला कौतुक वाटते.

पडद्याआडचे मत

१९८२ साली ब्रॅडली कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. निवडून आले असते तर अमेरिकेच्या इतिहासात मतदानाने गव्हर्नर झालेले ते पहिले कृष्णवर्णीय ठरले असते. मतदारांच्या पाहण्यांत ते पुढे होते. निवडणुकीच्या रात्री काहींनी त्यांना विजयी म्हणून जाहीरही करून टाकले. सकाळी मोजणी पुरी झाली तेव्हा ७५ लाखांहून अधिक मतांत ते सुमारे ९३ हजार मतांनी हरले होते.

यावरून अमेरिकेच्या राजकारणात एक शब्दप्रयोगच रूढ झाला, 'ब्रॅडली परिणाम'. त्याचा अर्थ असा की, विचारणाऱ्यासमोर लोक सभ्यपणे कृष्णवर्णीय उमेदवाराचे नाव सांगतात आणि पडद्याआड गेल्यावर दुसऱ्यालाच मत देतात. हे कितपत खरे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. टपालाने आलेल्या मतांत विरोधी पक्षाने मोठी आघाडी घेतली होती आणि त्याच दिवशी बंदुकांच्या नोंदणीविषयीच्या प्रस्तावावर मतदान असल्यामुळे ग्रामीण भागातून विरोधी मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडला होता, असे दाखवून दिले गेले आहे. सर्व दोष एका कारणावर टाकणे न्यायाचे होणार नाही. तरीपण ओठांत एक आणि पोटात एक हा प्रकार केवळ अमेरिकेतच आहे, असे आपल्यापैकी कोणी म्हणू शकेल काय? सभेत 'आपण सारे एक' अशा घोषणेला टाळ्या वाजवायच्या आणि घरी येऊन उमेदवाराचे आडनाव चाळून पाहायचे, हे आम्ही पाहिले आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर आमच्याकडूनही झाले आहे. १९८६ साली ब्रॅडली पुन्हा उभे राहिले आणि या वेळी फार मोठ्या अंतराने हरले.

उणी बाजू

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सर्वांच्या मतांनी निवडून आलेला माणूस मग कोणाचा राहतो?

ब्रॅडली यांच्या काळात शहराच्या मध्यभागी काचेचे उंच मनोरे उभे राहिले. त्याच काळात, १९८० च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेकडील मोटारींचे व टायरांचे मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. ज्या वस्त्यांनी ब्रॅडली यांना पहिल्यापासून भरभरून मते दिली, तेथेच बेकारी, अमली पदार्थ आणि टोळ्यांनी घर केले. कारखाने बंद पाडणे महापौराच्या हाती नव्हते, हे मान्य. परंतु मनोऱ्यांसाठी जेवढी धावपळ झाली तेवढी या गल्ल्यांसाठी झाली नाही, ही तक्रार तेथील लोकांनीच केली आणि ती आम्हांला रास्त वाटते. समुद्रकाठी तेलविहिरींना विरोध करण्याचे वचन देऊन १९८५ साली त्यांनी ते फिरविले. १९८९ साली, ज्या बँकेत शहराचे पैसे होते तिच्याकडून त्यांनी सल्लागार म्हणून मानधन घेतल्याचे उघडकीस आले. फौजदारी खटला झाला नाही, पण स्वच्छ नावावर डाग पडला. पुढे लोकप्रतिनिधींच्या आचरणासंबंधीच्या कडक नियमांना त्यांनी पाठिंबा दिला आणि १९९० साली मतदारांनी ते मंजूर केले. शिंतोडा उडाल्यावर छत्री उघडली, असे कोणी म्हटले तर त्यास उत्तर देणे कठीण आहे.

सर्वांत मोठे शल्य पोलिसांचे. शहराच्या सनदेप्रमाणे महापौराला पोलीसप्रमुखास काढता येत नसे. ३ मार्च १९९१ रोजी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला पोलिसांनी रस्त्यावर बेदम मारले आणि एका नागरिकाने ते चित्रित केले. साऱ्या जगाने ते दृश्य पाहिले. ब्रॅडली यांनी चौकशी आयोग नेमण्यात पुढाकार घेतला आणि पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांनी पद सोडावे असे जाहीरपणे सांगितले. गेट्स यांनी नकार दिला. महापौर आणि पोलीसप्रमुख यांच्यात एक वर्षाहून अधिक काळ बोलणेदेखील नव्हते. २९ एप्रिल १९९२ रोजी आरोपी पोलीस निर्दोष सुटले आणि शहर पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली, सुमारे एक अब्ज डॉलरची हानी झाली. कोरियन कुटुंबांची दुकाने मोठ्या संख्येने जळाली. वर्षभरापूर्वीच एका कोरियन दुकानदार स्त्रीच्या गोळीने पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मेली होती आणि तो राग मनात धुमसत होता.

येथेच ब्रॅडली यांच्या राजकारणाचे मर्म आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात, असे आम्हांस वाटते. त्यांनी कृष्णवर्णीय, ज्यू, जपानी, मेक्सिकन अशा समाजांना एकत्र आणले खरे. पण ही मैत्री मुख्यतः शिकलेल्या, स्थिरावलेल्या लोकांची होती. सभागृहात ते एका टेबलाशी बसले. गल्लीत मात्र गरीब कृष्णवर्णीय, नव्याने आलेले मेक्सिकन आणि चौदा-चौदा तास दुकान चालविणारे कोरियन एकमेकांशी कधी बोलले नाहीत. नेत्यांची दोस्ती झाली, शेजाऱ्यांची झाली नाही. वीस वर्षे वरून घर सुंदर दिसत होते आणि खाली पाया ओलाच राहिला होता.

याला सर्वस्वी ब्रॅडली जबाबदार, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या खात्यात तरुणपणी त्यांना काळा आणि गोरा एका गाडीत बसविता आला नाही, त्या खात्याशी ते म्हातारपणापर्यंत झगडत राहिले. १९९२ च्या जूनमध्ये मतदारांनी सनद बदलली, पोलीसप्रमुखाच्या कारकीर्दीला मुदत घातली आणि त्यास लोकप्रतिनिधींपुढे उत्तरदायी केले. त्यानंतर आलेले विली विल्यम्स हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख. काम झाले, पण शहर जळाल्यावर झाले.

ब्रॅडली यांनी पुढची निवडणूक लढविली नाही. १९९६ साली त्यांना हृदयविकाराचा झटका आला, मागोमाग पक्षाघात झाला आणि बोलणे गेले. २९ सप्टेंबर १९९८ रोजी, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर परदेशी प्रवासी जेथे उतरतात ती इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. बाहेरून आलेल्यांचे स्वागत करणाऱ्या दारावर, ज्याला एके काळी आपल्या नावाने घर घेता येत नव्हते त्याचे नाव आहे. २०२२ साली कॅरन बॅस त्या शहराच्या महापौर म्हणून निवडून आल्या. त्या पदावर आलेल्या त्या दुसऱ्या कृष्णवर्णीय आणि पहिल्या महिला.

आपण काय घ्यावे

वाचकहो, लॉस एंजेलिस दूर आहे. तेथील लोकसंख्या आपल्या साऱ्या बेटाच्या कितीतरी पट आहे. परंतु जळण्यासाठी शहर मोठे असावे लागत नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत गायक काया यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला तेव्हा आपल्याकडे काय घडले, ते ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. तोपर्यंत आपणही अभिमानाने सांगत होतो की येथे सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतात. नांदतात हे खरे आहे. पण एकमेकांच्या सणाचे गोड खाणे निराळे आणि शेजाऱ्याच्या मुलाला नोकरी का मिळत नाही, पोलीस त्यालाच का अडवितात, हे विचारणे निराळे.

म्हणून आमचे मत आम्ही स्पष्ट मांडतो. आपला माणूस निवडून यावा, अशी इच्छा धरण्यात काही चूक नाही. ज्याच्या घरातून कोणीच कधी खुर्चीपर्यंत पोहोचले नाही, त्याच्या मुलांना ती खुर्ची आपली वाटत नाही. ब्रॅडली यांना पाहून कितीतरी कृष्णवर्णीय मुलांना शहर आपले वाटले असेल, आणि हे लहान काम नव्हे. परंतु 'आपला' या शब्दाशी आपण थांबलो तर आपली संख्याच आपल्याला हरविणार. आणि एखादे पद मिळाले एवढ्यावरच समाधान मानले तर ते पद एका घराची शोभा होईल, समाजाच्या उपयोगाचे होणार नाही.

आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की, मोठ्या तिकिटाची वाट पाहत बसू नका. ग्रामपरिषदेपासून सुरुवात करा, नगरपालिकेच्या सभेला जाऊन मागच्या बाकावर बसा. आपल्या गल्लीच्या पुढच्या गल्लीत कोण राहतो ते जाणून घ्या, मग तो क्रिओल असो, मुसलमान असो, चिनी असो, तमिळ, तेलुगू वा भोजपुरी बोलणारा असो. त्याच्या दुखवट्याला मत मागण्याच्या आधी दहा वर्षे जा. हीच ब्रॅडली यांची खरी शाळा.

आणि आपल्या वडीलधाऱ्यांना विनंती की, पुढच्या वेळी उमेदवार उंबरठ्यावर येईल तेव्हा त्याला आडनाव जरूर विचारा, आम्हीही विचारू. पण त्याचबरोबर एवढेही विचारा : या भागातील सर्वांत गरीब गल्ली कोणती, आणि तेथे तू शेवटचा कधी गेला होतास? उत्तर देताना तो अडखळला, तर तो आपल्या आळीचा असला तरी आपला नव्हे, असे आम्ही समजू.